विश्लेषण : कोळशाच्या गोदामावरची मैफल ३६ वर्षे कशी चालली? कोण होते लंडनचे ‘संगीतप्रेमी कोळसेवाले’ थॉमस ब्रिटन?

दिवसभर खांद्यावर पोते घेऊन लंडनच्या गल्लीबोळांत कोळसा विकायचा आणि दर गुरुवारी त्याच कोळशाच्या गोदामावरच्या खोलीत शहरातल्या नामवंत वादकांची मैफल भरवायची. थॉमस ब्रिटन यांनी हा क्रम १६७८ पासून १७१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवला. त्यांच्यामागे राजाश्रय नव्हता, चर्चचा आधार नव्हता आणि नाट्यगृहाची कमाईही नव्हती. तरीही उमराव, परदेशी पाहुणे, चित्रकार, कवी आणि व्यावसायिक वादक त्यांच्या अरुंद जिन्याने वर चढत. युरोपात ‘बरोक’ संगीत बहरात असताना चाललेली ही छोटी मैफल नेमकी कशी होती, ती इतकी वर्षे कशामुळे टिकली आणि एका थट्टेने तिचा शेवट कसा झाला, याविषयी…

थॉमस ब्रिटन कोण होते?

ब्रिटन यांचा जन्म १६४४ च्या जानेवारीत इंग्लंडच्या नॉर्दम्प्टनशर परगण्यातील रश्डेन येथे झाला. घरची परिस्थिती साधारण होती. कोवळ्या वयात ते लंडनला आले आणि क्लार्कनवेल भागातील सेंट जॉन स्ट्रीटवरच्या एका कोळसेवाल्याकडे उमेदवारीला राहिले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ही उमेदवारी सात वर्षांची होती. ती संपल्यावर या हुशार मुलाने आपल्याच दारात दुकान थाटू नये म्हणून मालकाने त्यांना काही रक्कम दिली. ब्रिटन ती घेऊन गावी गेले. पैसे संपले तसे ते पुन्हा लंडनला आले आणि जुना मालक हयात असतानाच त्यांनी क्लार्कनवेलमध्ये स्वतःचा धंदा सुरू केला.

त्यासाठी त्यांनी घोड्यांचा एक जुना तबेला भाड्याने घेतला आणि त्याचे घर केले. एल्सबरी स्ट्रीट आणि जेरुसलेम पॅसेज ही गल्ली जिथे मिळते त्या कोपऱ्यावर ही जागा होती. तळमजल्यावर कोळसा साठवला जाई आणि वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. ब्रिटन यांचे पुढचे सगळे आयुष्य याच पत्त्यावर गेले. त्यांचे रीतसर शिक्षण झाले नव्हते. तरी संगीत, रसायनविद्या आणि जुनी पुस्तके या तीन विषयांत त्यांनी जी गती मिळवली, तिची चर्चा पुढे साऱ्या शहरात झाली.

ते विकत असलेला कोळसा कोणता?

त्या काळी लंडनमधील चुली आणि शेकोट्या बहुतांशी न्यूकॅसलहून समुद्रमार्गे येणाऱ्या खाणीतील दगडी कोळशावर चालत. मात्र दगडी कोळसा सहजासहजी पेटत नाही. तो पेटवण्यासाठी लाकूड जाळून केलेला हलका, बारीक कोळसा लागे. आपल्याकडच्या लोणारी कोळशाच्या चुऱ्यासारखाच हा माल. इंग्रजीत त्याला ‘स्मॉल कोल’ म्हणत. तो मापाने विकला जाई आणि विक्रेता पोते खांद्यावर घेऊन आरोळी देत दारोदार फिरे.

व्यापारी जगात हा धंदा अगदी तळाचा मानला जाई. कपडे काळे, हात काळे आणि नफा तुटपुंजा. ब्रिटन यांनी तो कधीच सोडला नाही. उमरावांशी ओळखी झाल्यावरही ते निळा सदरा घालून आणि पोते घेऊन फेरी करत राहिले. रस्त्यावरचे लोक त्यांच्याकडे बोट दाखवून एकमेकांना सांगत, की हाच तो विद्येचा आणि संगीताचा नाद असलेला कोळसेवाला. घरचा खर्च आणि मैफलीचा खर्च या दोन्हींची सोय याच फेरीतून होत होती.

लोक तेव्हा संगीत ऐकायला कुठे जात?

तिकीट काढून किंवा वर्गणी भरून मैफल ऐकायला जाणे आज नेहमीचे वाटते, पण सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत जवळजवळ अस्तित्वातच नव्हती. उत्तम संगीत राजदरबारात, मोठ्या चर्चमध्ये, नाटकात किंवा श्रीमंतांच्या दिवाणखान्यात असे. सामान्य माणसाच्या वाट्याला गुत्त्यातले आणि रस्त्यावरचे वादन येई.

इंग्लंडमध्ये १६४० च्या दशकात यादवी युद्ध पेटले. राजाचा शिरच्छेद झाला, दरबारी वादक विखुरले आणि धार्मिक कट्टरतेच्या लाटेत अनेक चर्चमधील ऑर्गन बंद पडले किंवा काढून टाकले गेले. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि दरबारी संगीत पुन्हा सुरू झाले. पण राजाच्या खजिन्यात खडखडाट होता आणि वादकांचे पगार रखडत. त्यामुळे त्यांना दुसरीकडे श्रोता शोधणे भाग पडले.

असा प्रयत्न ठळकपणे करणारे जॉन बॅनिस्टर हे दरबारी व्हायोलिनवादक होते. डिसेंबर १६७२ मध्ये त्यांनी लंडनच्या व्हाइटफ्रायर्स भागात आपल्या घरी रोज दुपारी मैफल सुरू केली. प्रवेशाला एक शिलिंग पडे. पैसे मोजणाऱ्या कोणालाही प्रवेश असलेल्या मैफलींच्या सुरुवातीच्या उदाहरणांत ही गणली जाते. ब्रिटन यांनी आपली मैफल सहा वर्षांनी सुरू केली. बॅनिस्टर यांचा चरितार्थच संगीतावर होता. ब्रिटन यांचा कोळशावर होता. दोन्ही मैफलींमधला हा मूळ फरक.

कोळसेवाल्याला संगीताचा नाद कसा लागला?

ब्रिटन यांच्या शेजारात थिओफिलस गॅरेन्सिएर्स नावाचे मूळचे फ्रेंच वैद्य राहत. नॉस्ट्राडेमसची भाकिते इंग्रजीत आणणारे तेच हे गृहस्थ. त्यांच्या सहवासात ब्रिटन रसायनविद्या शिकले आणि अगदी कमी खर्चात त्यांनी एक फिरती प्रयोगशाळा तयार केली. ती पाहून वेल्समधील एक गृहस्थ इतके खूश झाले, की तशीच एक आपल्याकडे उभारून घेण्यासाठी ते ब्रिटन यांना घेऊन गेले आणि त्यांनी चांगला मोबदलाही दिला.

रसायनाबरोबरच त्यांनी संगीताचे शास्त्र अभ्यासले आणि ‘व्हायोला दा गांबा’ हे वाद्य आत्मसात केले. हे वाद्य गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवतात. त्याला साधारणपणे सहा तारा असतात आणि मानेवर सतारीप्रमाणे पडदे असतात. त्याचा आवाज मऊ आणि खर्जातला असल्यामुळे ते मोठ्या सभागृहापेक्षा खोलीत अधिक खुलते.

मैफल सुरू करण्यामागे सर रॉजर लेस्ट्रेंज यांचे प्रोत्साहन होते, असे सांगितले जाते. लेस्ट्रेंज हे राजाचे कट्टर समर्थक आणि पत्रककार होते. छापखान्यांवर देखरेख करणारे सरकारी अधिकारी म्हणून त्यांचा लंडनमध्ये दरारा होता. ते स्वतः हेच खर्जातले वाद्य चांगले वाजवत. राजकारणात अनेकांना नकोसा वाटणारा हा माणूस वाद्य घेऊन कोळसेवाल्याच्या घरी बसू लागला, तशी इतरही मातब्बर मंडळी येऊ लागली.

मैफलीची जागा कशी होती?

जागेच्या वर्णनांत सगळ्यांचे एकमत आहे. ती गैरसोयीची होती. जिना घराच्या बाहेरून होता आणि इतका अवघड, की जवळजवळ रांगतच वर जावे लागे. खोली लांब आणि अरुंद होती. छत इतके खाली, की उंच माणूस जेमतेम ताठ उभा राहू शके. खिडकी लहानशी. लंडनच्या खालच्या वस्त्यांवर खुसखुशीत लिहिणारे नेड वॉर्ड यांनी या खिडकीची तुलना पिंपाला पाडलेल्या भोकाशी केली होती.

पण त्या खोलीत जे होते ते हलके नव्हते. पाच स्वरपट्टांचा एक छोटा ऑर्गन होता. अँटवर्पच्या रुकर्स घराण्याने बनवलेले ‘व्हर्जिनल’ होते. व्हर्जिनल म्हणजे पेटीच्या आकाराचे, पट्ट्यांवर वाजवायचे तंतुवाद्य. रुकर्स हे या प्रकारच्या वाद्यांचे युरोपातले सर्वात नावाजलेले कारागीर. याशिवाय व्हायोलिन आणि गांबा गटातील इतर वाद्ये होती. कोळशाच्या कमाईतून माणसाने हळूहळू, निवडून जमवलेला हा संच होता.

जागेचा लहानपणा त्या संगीताला अडचणीचा नव्हता, उलट पोषकच होता. व्हर्जिनल किंवा हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की तार छेडली जाते. पियानोसारखा तिच्यावर हातोडीचा ठोका पडत नाही. त्यामुळे आवाज नाजूक असतो. मोठ्या दालनात तो हरवतो, पण कमी उंचीच्या लाकडी खोलीत शेवटच्या माणसापर्यंत पोहोचतो.

तिथे कोणते संगीत वाजत असे?

साधारण १६०० ते १७५० या काळातील युरोपीय संगीताला पुढे ‘बरोक’ हे नाव पडले. त्यातला ‘चेंबर’ हा प्रकार म्हणजे खोलीत बसून वाजवायचे संगीत. प्रत्येक सुरावटीला एकच वादक असतो आणि मोठा ताफा लागत नाही. या प्रकाराचा त्या काळातला कणा म्हणजे ‘ट्रायो सोनाटा’. त्यात वरच्या दोन सुरावटी बहुधा दोन व्हायोलिन वाजवतात. तिसरी सुरावट खर्जाची असते. तिच्यासोबत हार्पसिकॉर्ड किंवा ऑर्गनचा वादक साथ करतो.

या साथीत गंमत अशी, की वादकापुढे सगळे लिहिलेले नसते. कागदावर फक्त खर्जाचे सूर आणि त्यांच्याजवळ काही आकडे असतात. त्या आकड्यांवरून कोणते सूर एकत्र दाबायचे हे तो जागच्या जागी ठरवतो. म्हणजे चौकट ठरलेली, पण भरणा वादकाच्या बुद्धीचा. त्यामुळे तेच पान दोन गुरुवारी हुबेहूब तसेच वाजण्याची शक्यता कमी.

ब्रिटन यांची मैफल चालू असतानाच हा प्रकार इंग्लंडमध्ये रुजला. इटलीच्या आर्केंजेलो कोरेल्ली यांचा ट्रायो सोनाटांचा पहिला संच १६८१ मध्ये रोमहून प्रसिद्ध झाला. लंडनच्या हेन्री पर्सेल यांनी आपला संच १६८३ मध्ये काढला. त्याआधीच्या पिढीतील जॉन जेंकिन्स यांच्यासारख्या इंग्रज रचनाकारांचे गांबावादनाचे साहित्यही ब्रिटन यांच्याकडे होते. ३६ वर्षांत आवड बदलत गेली. जुने, गंभीर गांबासंगीत मागे पडून इटालियन व्हायोलिनचा चमकदार बाज पुढे आला. एकाच खोलीत बसून हा बदल ऐकण्याची संधी नियमित श्रोत्यांना मिळाली. वाद्यसंगीताबरोबर तिथे गायनही होत असे.

या सगळ्यासाठी लागणारी स्वरलिपी महाग होती आणि सहज मिळत नव्हती. ब्रिटन यांनी त्यावर काढलेला मार्ग कष्टाचा होता. बराचसा संग्रह त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून काढला. प्रत्येक वाद्याची वही वेगळी असल्याने एकाच सोनाटासाठी तीन-चार वह्या लिहाव्या लागत. दिवसा कोळशाचे पोते उचलणाऱ्या हातांनी केलेले हे काम नसते, तर वादक जमूनही त्यांच्यापुढे ठेवायला काही उरले नसते.

मैफलीला कोण कोण येत असे?

वादकांत हौशी आणि व्यावसायिक असे दोन्ही होते. व्हाइटफ्रायर्सच्या बॅनिस्टर यांचा मुलगा, धाकटे जॉन बॅनिस्टर, तिथे व्हायोलिन वाजवत. सरकारी नोकरीत असलेले हेन्री नीडलर, कवी जॉन ह्यूज, चित्रकार जॉन वुलॅस्टन आणि ऑर्गनवादक फिलिप हार्ट ही मंडळी नेहमीची होती. जर्मनीहून येऊन लंडनमध्ये स्थायिक झालेले योहान क्रिस्टोफ पेपुश हेही येत. पुढे १७२८ मध्ये गाजलेल्या ‘द बेगर्स ऑपेरा’ या संगीत नाटकाशी त्यांचे नाव जोडले गेले.

सर्वात मोठे नाव अर्थातच जॉर्ज फ्रेडरिक हॅन्डेल यांचे. ते १७१० मध्ये प्रथम लंडनला आले आणि १७१२ पासून तिथेच राहिले. त्यांनी ब्रिटन यांच्याकडे हार्पसिकॉर्ड वाजवल्याची नोंद सर जॉन हॉकिन्स यांच्या १७७६ च्या संगीत-इतिहासात आहे. ही नोंद ब्रिटन यांच्या मृत्यूनंतर ६२ वर्षांनी छापली गेली, हे लक्षात ठेवायला हवे. ती खरी मानली, तरी हॅन्डेल मैफलीच्या शेवटच्या तीन-चार वर्षांतच आले असणार. मैफलीची कीर्ती त्याआधीच तीन दशकांची होती.

श्रोत्यांत क्वीन्सबरीच्या डचेसचे नाव घेतले जाते. रेशमी घोळदार वस्त्रांतील स्त्रिया तो अवघड जिना चढत, याचे लंडनला मोठे कौतुक होते.

एक प्रसंग मात्र पुढच्या इतिहासाला जोडणारा आहे. मॅथ्यू डुबर्ग नावाच्या लहान मुलाने आपले पहिले एकल व्हायोलिनवादन इथे केले. तो इतका लहान होता, की सगळ्यांना दिसावा म्हणून त्याला स्टुलावर उभे करण्यात आले. समोरचा थाट पाहून तो एवढा घाबरला, की स्टुलावरून पडायचाच बाकी राहिला होता. त्याने कोरेल्लींची रचना वाजवली. याच डुबर्ग यांनी १७४२ च्या एप्रिलमध्ये डब्लिन येथे हॅन्डेल यांच्या ‘मसाया’च्या पहिल्या प्रयोगात वाद्यवृंदाचे नेतृत्व केले.

ब्रिटन मैफलीचे पैसे घेत होते का?

या प्रश्नावर अठराव्या शतकातच वाद होता. होरेस वॉलपोल यांनी लिहिले, की ब्रिटन श्रोत्यांकडून पैसे घेत. हॉकिन्स यांनी ते खोडून काढले. त्यांच्यापर्यंत आलेल्या माहितीनुसार, कोणी पैसे देऊ केले तर ब्रिटन यांना राग येई. मात्र हॉकिन्स यांनीच दुसरी बाजूही नोंदवली आहे. तिच्यानुसार वर्षाला दहा शिलिंग वर्गणी होती आणि कॉफी पेनीला एक पेला मिळे. सुरुवातीला सगळे मोफत असावे आणि पुढे हा नियम बदलला असावा, असा तोडगा त्यांनी सुचवला.

याबाबत त्याच काळातला एक पुरावा महत्त्वाचा आहे. लीड्सचे पुराणवस्तू अभ्यासक राल्फ थोर्स्बी १७१२ च्या जूनमध्ये लंडनला आले असता ब्रिटन यांच्याकडे गेले होते. त्यांनी आपल्या रोजनिशीत या मैफलीची शहरातील सर्वोत्तम अशी वाखाणणी केली आहे. ती दर आठवड्याला, विनामूल्य होते आणि प्रतिष्ठित परदेशी लोकही तिथे येतात, असेही त्यांनी नमूद केले आहे. म्हणजे मृत्यूच्या दोन वर्षे आधीपर्यंत निदान पाहुण्यांना तरी पैसे पडत नव्हते.

वर्गणी असली, तरी तिचा हिशेब पाहण्यासारखा आहे. तेव्हा एका शिलिंगचे १२ पेन्स होत. दहा शिलिंग म्हणजे १२० पेन्स. वर्षातले ५२ गुरुवार धरले, तर एका मैफलीला सव्वादोन पेन्सच्या आसपास पडतात. बॅनिस्टर यांच्याकडे एकाच बैठकीचे १२ पेन्स मोजावे लागत. एवढ्या वर्गणीत मेणबत्त्या, विस्तव, वाद्यांची डागडुजी आणि कागद यांचा खर्च निघाला असेल, पण कमाई झाली असणे कठीण. ब्रिटन मृत्यूसमयी श्रीमंत नव्हते, ही गोष्ट याला दुजोरा देते.

पुस्तकांचा नाद आणि उमरावांशी दोस्ती

ब्रिटन यांचे दुसरे वेड जुन्या पुस्तकांचे होते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमधील काही उमरावांना दुर्मीळ ग्रंथ आणि हस्तलिखिते जमवण्याचा छंद लागला. ऑक्सफर्ड, पेम्ब्रोक, संडरलँड आणि विन्चिल्सी यांचे अर्ल आणि डेव्हनशरचे ड्यूक त्यात आघाडीवर होते. हिवाळ्यात दर शनिवारी ही मंडळी पुस्तकांची दुकाने धुंडाळत आणि दुपारी पॅटर्नोस्टर रो भागातील ख्रिस्तोफर बेटमन यांच्या दुकानात जमत.

ब्रिटन सकाळची फेरी संपवून निळ्या सदऱ्यातच तिथे पोहोचत. कोळशाचे पोते दुकानाच्या खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून ते आत जात आणि उमरावांच्या बरोबरीने पुस्तकांची चर्चा करत. त्यांची पारख इतकी पक्की होती, की मोठमोठे संग्राहक त्यांचे मत विचारात घेत. त्यांनी जमवलेला पत्रिकांचा एक संग्रह लॉर्ड सोमर्स यांनी ५०० पौंडांहून अधिक किंमत देऊन घेतल्याचे सांगितले जाते. १६९४ मध्ये त्यांनी आपल्या ग्रंथसंग्रहाचा लिलाव केला, तेव्हा त्याची छापील यादी निघाली होती. त्यात किमया आणि गूढविद्येवरची पुस्तके मोठ्या संख्येने होती.

या दोस्तीचा मैफलीला थेट उपयोग झाला. पुस्तकांच्या दुकानातले सोबती गुरुवारचे श्रोते झाले. पण ब्रिटन त्यांच्या हवेलीवर जाऊन त्यांचे आश्रित झाले नाहीत. उमरावांनाच त्यांच्या घरी यावे लागे.

लोकांना संशय का वाटत होता?

कोळसेवाल्याच्या तबेल्यात दर आठवड्याला घोडागाड्या थांबतात, हे अनेकांना पटत नव्हते. आत नक्कीच दुसरे काहीतरी चालत असणार, अशी कुजबुज होती. सत्तेविरुद्ध खलबते करायला संगीताचे निमित्त केले आहे, असे कोणी म्हणे. कोणी त्यांना जादूटोणा करणारा ठरवला, कोणी नास्तिक, तर कोणी वेष पालटलेला जेझुइट पाद्री.

हा काळच तसा होता. मैफल सुरू झाली त्याच १६७८ मध्ये राजाच्या खुनाचा कॅथलिकांचा कट असल्याची खोटी आवई उठली होती आणि त्यात निरपराध माणसे फाशी गेली होती. त्यानंतर १६८८ मध्ये सत्तापालट झाला. राजघराण्याचा वारस कोण, या वादाने देश दुभंगला होता. अशा वातावरणात नियमित जमणारी कोणतीही मंडळी संशयाला पात्र होती. त्यातच ब्रिटन यांची रसायनाची भांडी आणि गूढविद्येची पुस्तके. तरीही चार राजवटी पाहिलेली आणि पाचव्या राजाच्या आगमनापर्यंत पोहोचलेली ही मैफल बंद पडली नाही. ब्रिटन यांचा सरळ, निष्कपट स्वभाव हेच त्याचे कारण असल्याचे त्यांना ओळखणारे सांगत.

मृत्यू कसा ओढवला?

ब्रिटन सत्तरीत पोहोचले होते. मैफलीत नेहमी वाजवायला येणारे रोब नावाचे एक दंडाधिकारी होते. त्यांना ब्रिटन यांची थट्टा करण्याची लहर आली. सॅम्युअल हनीमन नावाचा एक लोहार शब्दभ्रमाच्या कलेसाठी प्रसिद्ध होता. ओठ न हलवता आवाज दुरून आल्याचा भास तो निर्माण करू शके. रोब यांनी त्याला गुपचूप मैफलीच्या मंडळींत आणून बसवले.

अचानक कुठून तरी आवाज आला. ब्रिटन यांचा अंत काही तासांवर आला असून तत्काळ गुडघे टेकून प्रभूची प्रार्थना म्हटली नाही तर सुटका नाही, असे त्या आवाजाने बजावले. आत्मे आणि अदृश्य शक्तींविषयी आयुष्यभर वाचलेल्या म्हाताऱ्या ब्रिटन यांना तो खरा वाटला. त्यांनी गुडघे टेकले, प्रार्थना म्हटली आणि ते अंथरुणाला खिळले. त्या धक्क्यातून ते सावरले नाहीत. काही दिवसांतच, २७ सप्टेंबर १७१४ रोजी त्यांचे निधन झाले. रोब यांना आपली थट्टा निस्तरण्याची संधी मिळाली नाही.

१ ऑक्टोबरला क्लार्कनवेलच्या चर्चच्या आवारात दफनविधी झाला. मोठा जनसमुदाय जमला होता आणि त्यात गुरुवारच्या मंडळींचा भरणा होता. थडग्यावर मात्र कोणी दगड उभारला नाही.

मागे काय उरले?

पत्नीसाठी ब्रिटन यांनी पुस्तके, वाद्ये आणि स्वरलिपी यांखेरीज फारसे काही ठेवले नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस संगीतसंग्रहाचा लिलाव झाला. हाताने उतरवलेल्या वह्यांना जवळपास शंभर पौंड आले. ३६ वर्षे एका खोलीत एकत्र असलेला संग्रह वेगवेगळ्या घरी गेला आणि मैफल थांबली. तिच्यासाठी विश्वस्त नव्हते, नियमावली नव्हती, वारसदारही नव्हता. दिवस ठरवणारा, वह्या तयार ठेवणारा, वाद्ये जुळवणारा आणि दार उघडणारा माणूस एकच होता.

ब्रिटन यांच्याकडे वाजवणारे लोक मात्र लंडनच्या संगीतजीवनात राहिले. पेपुश हे १७२६ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे ‘अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक’ म्हणून ओळखल्या गेलेल्या मंडळाचे आधारस्तंभ झाले. अठराव्या शतकात वर्गणीवर चालणाऱ्या संगीत मंडळांचे शहरात जाळे तयार झाले. हे सारे ब्रिटन यांच्यामुळेच झाले असे म्हणता येणार नाही. बॅनिस्टर यांच्यासारखे इतरही त्या वाटेवर होते. पण आठवड्याचा एक ठरलेला वार, एक ठरलेली जागा आणि दर्जा सांभाळला, तर राजाश्रयाशिवायही श्रोते वर्षानुवर्षे येतात, हे ब्रिटन यांच्या गुरुवारांनी लंडनला दाखवून दिले होते.

१६७८ ते १७१४ या काळात सुमारे १,८७० गुरुवार आले. त्यांपैकी एकाचाही कार्यक्रमपत्र आज हाती नाही. लिलावाची यादी आणि हॉकिन्स यांचा इतिहास आहे. थोर्स्बी यांच्या रोजनिशीतली नोंद आहे. वुलॅस्टन यांनी १७०३ मध्ये काढलेले ब्रिटन यांचे व्यक्तिचित्र लंडनच्या ‘नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी’त जतन केलेले आहे. तबेल्याची ती इमारत कधीच पाडली गेली. जेरुसलेम पॅसेजमध्ये आता एक लहान फलक आहे. त्यावर ब्रिटन यांचे नाव आहे आणि सोबत त्यांची ओळख आहे : संगीतप्रेमी कोळसेवाला.